आग विझल्यानंतर

आपल्या मंडळाच्या ई-अंकात कविता आणि कथा भरपूर येतात, विज्ञान फारसं येत नाही. "तू केमिस्ट्रीची विद्यार्थिनी आहेस ना, मग काहीतरी लिही," असं मराठीच्या मॅडम म्हणाल्या, तेव्हा विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. तो आमच्या घरात, न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या बादलीतच होता.

माझे बाबा फायरमन आहेत. माळव्यात आमच्या चार पिढ्या गेल्या. इथे सगळे बंबाला 'दमकल' म्हणतात, आजी मात्र अजून 'बंब'च म्हणते. बाबांच्या नोकरीला चोवीस वर्षं झाली. रात्री-बेरात्री कॉल आला की ते जायचे आणि परत आले की त्यांच्या अंगाला एक वास असायचा. जळलेलं प्लॅस्टिक, डिझेल, घाम असं सगळं मिसळलेला. लहानपणी मला तो वास आवडायचा, कारण तो आला म्हणजे बाबा सुखरूप घरी आले. आई त्यांची डंगरी बादलीत भिजत घालायची आणि जरा वेळाने त्याच बादलीत माझा शाळेचा युनिफॉर्म.

मागच्या वर्षी बाबांचे जुने जोडीदार, ज्यांना आम्ही नुसतं 'काका' म्हणतो, आजारी पडले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. लघवी लाल व्हायला लागली. दुखत काहीच नव्हतं. त्यांना वाटलं, उन्हाळी लागली असेल. धण्या-जिऱ्याचं पाणी पीत राहिले. मग चार महिने गेले. शेवटी दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा मूत्राशयाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट ओढता?" काकांनी कधीच ओढली नव्हती. "तंबाखू?" तीही नाही. "मग कमनशीब," असं म्हणून विषय संपला. तीस वर्षं नोकरी काय केली, हे कोणी विचारलंच नाही.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

ल्योंमध्ये काय ठरलं?

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आय.ए.आर.सी. तिचं मुख्यालय फ्रान्समधल्या ल्यों शहरात आहे. एखादं रसायन, एखादी सवय किंवा एखादा व्यवसाय यामुळे माणसाला कर्करोग होतो का, याचा सगळा उपलब्ध पुरावा तपासून ही संस्था त्यांचे गट पाडते. गट १ म्हणजे 'होतो, पुरावा पुरेसा आहे'. गट २-अ म्हणजे 'बहुधा होतो'. गट २-ब म्हणजे 'होत असण्याची शक्यता आहे'. तंबाखूचा धूर, ॲस्बेस्टॉस, बेन्झीन हे सगळे गट १ मध्ये आहेत.

अग्निशमनाचं काम २००७ साली २-ब गटात टाकलं होतं. मग जून २०२२ मध्ये आठ देशांतले पंचवीस शास्त्रज्ञ ल्योंमध्ये जमले, त्यांनी पुन्हा सगळे अभ्यास वाचले आणि हे काम सरळ गट १ मध्ये नेलं. दोन कर्करोगांसाठी पुरावा पुरेसा आहे असं त्यांनी ठरवलं. एक मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आतल्या पातळ आवरणाचा कर्करोग. दुसरा मूत्राशयाचा. मोठं आतडं, प्रोस्टेट, वृषण, त्वचेचा मेलानोमा आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा या पाचांसाठी पुरावा आहे, पण मर्यादित.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण मीही आधी घोटाळा केला होता. गट १ म्हणजे 'सगळ्यांत भयंकर' असा अर्थ नाही. गट फक्त एवढं सांगतो की कर्करोग होऊ शकतो याबद्दल खात्री किती आहे. किती जणांना होईल, हे गट सांगत नाही. ते वेगळं गणित आहे, त्याकडे पुढे येते.

धुरात असतं काय?

शाळेत आपण शिकतो की इंधन जळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. पुस्तकातलं ते ज्वलन पूर्ण असतं. खऱ्या आगीत ते कधीच पूर्ण होत नाही. बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडतो, वस्तू अर्धवट जळतात, तुटलेले रेणू पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि शेकडो नवे पदार्थ तयार होतात. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन आणि त्या कणांवर बसलेली ही सगळी रसायनं.

आजीच्या लहानपणी घरात लाकूड, कापूस, सुती गाद्या, लोकर असायची. आता आपल्या खोलीत डोळे फिरवून बघा. सोफ्यात आणि गादीत पॉलियुरेथेन फोम, पडदे पॉलिएस्टरचे, वायरींवर पी.व्ही.सी., टीव्ही आणि फ्रीजची बॉडी प्लॅस्टिकची. हे बहुतेक सगळं पेट्रोलियमपासून झालेलं आहे. अमेरिकेतल्या यू.एल. या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेने जुन्या पद्धतीच्या आणि आजच्या सामानाच्या खोल्या मुद्दाम पेटवून बघितल्या. जुन्या सामानाची खोली पूर्ण भडकायला जवळपास अर्धा तास लागला. आजच्या सामानाची खोली पाच मिनिटांच्या आत भडकली. आग लवकर भडकते आणि धूर जास्त विषारी होतो, अशा दोन्ही गोष्टी एकाच बदलामुळे झाल्या.

या धुरात कर्करोगाच्या दृष्टीने महत्त्वाचे पदार्थ असे:

बेन्झीन. जवळपास प्रत्येक आगीत तयार होतं. याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी आहे.

फॉर्मल्डिहाइड आणि ब्युटाडाइन. लाकूड, प्लायवुड, रबर, प्लॅस्टिक जळताना निघतात. दोन्ही गट १ मध्ये.

बहुचक्रीय हायड्रोकार्बन. बेन्झीनच्या कड्या एकमेकींना जोडून झालेले रेणू. यातलं सगळ्यांत प्रसिद्ध बेन्झोपायरीन, त्यात पाच कड्या असतात. काजळीला जो चिकटपणा असतो, त्यात हे मुरलेले असतात.

डायॉक्झिन. पी.व्ही.सी.सारखं क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक जळताना तयार होतं.

ॲस्बेस्टॉस. हे जळत नाही, पण आगीत सिमेंटचे पत्रे तडकतात, फुटतात आणि त्यातले डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात. आपल्या देशात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा वापर अजून चालू आहे. गोदामं, कारखाने, वस्त्या, कुठेही वर बघा, पत्रे दिसतीलच.

हायड्रोजन सायनाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मी या यादीत घेतले नाहीत. ते तिथल्या तिथे मारतात. ही वरची मंडळी वीस वर्षं थांबायला तयार असतात.

शरीरात शिरतं कुठून?

पहिली वाट नाकाची. त्यासाठी पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क असतो, त्याला जवान 'बी.ए. सेट' म्हणतात. नीट बसलेला मास्क असेल तर फुप्फुसांचं बऱ्यापैकी रक्षण होतं. पण तो कधी लावतात? ज्वाळा दिसत असताना. आग विझली की 'कूलिंग' सुरू होतं. म्हणजे राख उपसायची, धुमसणारे ढिगारे उलटायचे, आत लपलेली आग शोधून पाणी मारायचं. हे काम तासन् तास चालतं. सिलिंडर तोवर संपलेला असतो, उकडत असतं, ज्वाळा गेल्यामुळे धोका गेला असं वाटतं, आणि मास्क उतरतो. बाबांना मी विचारलं तर म्हणाले, "कूलिंगला कोण लावतं? रुमाल बांधतो ओला करून." ओला रुमाल थोडी राख अडवतो. बेन्झीन त्यातून आरामात जातं. ढिगारा धुमसतो म्हणजेच ज्वलन अपूर्ण असतं, आणि आपण वर बघितलंच की हे पदार्थ अपूर्ण ज्वलनातूनच येतात.

दुसरी वाट कातडीची. ही मला सगळ्यांत नवीन होती. बहुचक्रीय हायड्रोकार्बन तेलकट असतात, आणि आपल्या त्वचेचा वरचा थरही स्निग्ध असतो. तेल तेलात मिसळतं. त्यातून गरम होऊन, घाम येऊन त्वचेतला रक्तप्रवाह वाढलेला असतो. मान, कानामागची जागा, मनगट, जिथे कपड्यांची फट असते तिथे काजळी बसते आणि आत मुरते. मास्क आणि पूर्ण पोशाख घालून आग विझवणाऱ्या जवानांची लघवी अमेरिकेत तपासली, तर आगीनंतर काही तासांतच त्यात या हायड्रोकार्बनचे अवशेष वाढलेले मिळाले. श्वास शुद्ध हवेचा होता, तरीही.

तिसरी वाट तोंडाची. काळ्या हातांनी घेतलेला चहा आणि बिस्कीट.

आणि चौथी वाट पुढच्या माणसाची. बंबाच्या केबिनमध्ये, स्टेशनवरच्या खोलीत, घरच्या बादलीत तेच कपडे येतात. कपड्यात मुरलेले पदार्थ नंतरही हळूहळू हवेत सुटत राहतात. मला जो वास आवडायचा, तो हाच होता.

पेशीत काय होतं?

१७७५ साली लंडनमधल्या पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यविशारदाने लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्या मुलांना मोठेपणी वृषणाच्या पिशवीच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याचं कारण काजळी आहे. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो, हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदा त्याने दाखवलं. पुढे १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने डांबर लावून कर्करोग होतो हे प्रयोगाने दाखवलं, आणि १९३० च्या दशकात त्या डांबरातून बेन्झोपायरीन वेगळं काढलं गेलं. लंडनच्या धुराड्यातली काजळी आणि बाबांच्या मानेवरची काजळी, दोन्हींत हाच रेणू.

हा रेणू स्वतः फारसा काही करत नाही. गंमत, म्हणजे दुर्दैवी गंमत, अशी की त्याला घातक आपलं शरीर बनवतं. बेन्झोपायरीन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते बाहेर टाकण्यासाठी यकृतातली विकरं त्याला ऑक्सिजन जोडतात. त्या प्रक्रियेत एक अतिशय क्रियाशील रूप तयार होतं आणि ते डी.एन.ए. मधल्या ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटतं. पेशीचं विभाजन होताना त्या जागी चुकीची नक्कल होते. बहुतेक चुका पेशी दुरुस्त करते. एखादी राहते. ती जर पेशींची वाढ आवरणाऱ्या जनुकात पडली, तर ब्रेक सैल होतो. एका चुकीने कर्करोग होत नाही. वर्षानुवर्षं अशा अनेक चुका साठाव्या लागतात.

मूत्राशयच का? कारण मूत्रपिंडं विषारी पदार्थ रक्तातून गाळतात आणि ते मूत्राशयात साठतात. आपण लघवीला जाईपर्यंत ते तिथल्या अस्तराला लागून असतात. १८९५ मध्ये जर्मनीत लुडविग रेन या सर्जनने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी नोंदवल्या, तेव्हापासून ही वाट माहीत आहे. जवान तासन् तास पाणी न पिता घाम गाळत काम करतात, म्हणजे लघवी घट्ट आणि कमी वेळा होते. हा तर्क ऐकल्यापासून मी बाबांच्या डब्याबरोबर पाण्याची मोठी बाटली देते.

मेसोथेलिओमाचं कारण वेगळं. ॲस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात रुतला की शरीर त्याला विरघळवू शकत नाही. तिथे कायमची सूज राहते. रोग दिसायला वीस ते चाळीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. जवान तोवर निवृत्त झालेला असतो आणि कारण शोधायला कोणी मागे जात नाही.

आकडे कसे वाचायचे?

अनेक देशांतले अभ्यास एकत्र केल्यावर असं निघालं की जवानांमध्ये मेसोथेलिओमाचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ५८ टक्के जास्त आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचं सुमारे १६ टक्के जास्त आहे. हे ऐकून आई घाबरली. "म्हणजे शंभरातल्या सोळा जणांना होणार?" नाही. समजा, एका वयापर्यंत सामान्य हजार लोकांत दहा जणांना हा रोग होत असेल, तर हजार जवानांत साधारण अकरा-बारा जणांना होईल. एकट्या माणसासाठी हा फरक लहान आहे. पण देशभरातल्या सगळ्या जवानांचा विचार केला तर ती माणसं खरी आहेत, आणि त्यांना झालेला रोग टाळता येण्यासारखा होता.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को, शिकागो आणि फिलाडेल्फिया इथल्या जवळपास तीस हजार जवानांचा १९५० पासून २००९ पर्यंतचा मागोवा घेतला गेला. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत कर्करोगाचं निदान ९ टक्के जास्त आणि कर्करोगाने मृत्यू १४ टक्के जास्त. शिवाय आगीच्या ठिकाणी घालवलेले तास जितके जास्त, तितकं फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण चढत गेलेलं दिसलं.

यात एक मेखही आहे. जवानांची भरती करताना धडधाकट माणसंच निवडतात. तेव्हा त्यांच्यात सगळेच आजार सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी असायला हवेत. मुळात कमी असायला हवं ते जास्त निघतं, याचा अर्थ खरा फरक आकड्यात दिसतो त्याहून मोठा असू शकतो.

आणि काकांचं काय? त्यांचा कर्करोग धुरामुळेच झाला, असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. कोणीच म्हणू शकत नाही. गाठीवर कारणाचा शिक्का नसतो. समूहाबद्दल जे खात्रीने सांगता येतं, ते एका माणसाबद्दल सांगता येत नाही. पण 'कमनशीब' हा शब्द वापरण्याआधी नोकरी तरी विचारायला हवी होती, एवढं नक्की.

धुराशिवाय आणखी

तेलाच्या आगीवर मारतात त्या फेसात फ्लोरिनयुक्त रसायनं असत आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही आहेत. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका पक्का असतो की ती निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. त्यांतलं पी.एफ.ओ.ए. हे आय.ए.आर.सी.ने २०२३ च्या शेवटी गट १ मध्ये टाकलं. डिझेल इंजिनाचा धूर २०१२ पासून गट १ मध्ये आहे, आणि बंब शेडमध्ये चालू ठेवला की तो वरच्या विश्रांतीच्या खोलीत जातो. रात्रपाळी गट २-अ मध्ये आहे. आगीचा कॉल नसेल त्या रात्रीही थोडंफार चालूच असतं.

इतर देशांनी काय केलं?

११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण एका दिवसात गेले. त्यानंतर ढिगारा उपसताना जी धूळ जवानांच्या अंगात गेली, तिचा हिशोब अजून चालू आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या जागी काम केलेल्या जवानांमध्ये कर्करोगाचं प्रमाण तिथे न गेलेल्या सहकाऱ्यांपेक्षा १९ टक्के जास्त आढळलं. सप्टेंबर २०२३ मध्ये नंतरच्या आजारांनी गेलेल्यांची संख्याही ३४३ झाली. म्हणजे आगीत जेवढे गेले तेवढेच नंतर, बिछान्यात.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताने २००२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये असे कायदे केले की ठराविक वर्षं आगीवर काम केलेल्या जवानाला ठराविक कर्करोग झाला, तर तो कामामुळे झाला असंच धरायचं. नाही असं वाटत असेल तर मालकाने सिद्ध करावं. सिद्ध करण्याचा भार आजारी माणसाच्या डोक्यावरून उतरवला, एवढाच त्याचा अर्थ. पण तो फार मोठा आहे.

आपल्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून व्यवसायजन्य आजारांची यादी चालत आली आहे. तिच्यात ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा आहे, बेन्झीनमुळे होणारे आजार आहेत. कारखान्यातल्या कामगाराला सांगता येतं की मी अमुक खात्यात अमुक रसायन हाताळत होतो. जवान काय सांगणार? त्याचा कारखाना रोज वेगळा. कधी गादीचं दुकान, कधी रंगाचं गोदाम, कधी कचऱ्याचा डोंगर. काय जळत होतं, याची नोंदच त्याच्याजवळ नसते.

दरवर्षी १४ एप्रिलला आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन पाळतात. १९४४ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ जवान गेले. त्यांना आपण आठवतो, आठवलंच पाहिजे. पण आगीत गेलेल्यांची गणती होते, आगीनंतर गेलेल्यांची होत नाही.

करता काय येईल?

बरंच काही, आणि त्यातलं पुष्कळ स्वस्त आहे. स्वीडनमधल्या शेलेफ्तिओ गावच्या जवानांनी साधा नियम केला: घाण कपडे घालून केबिनमध्ये बसायचं नाही. ते जागेवरच उतरवून बंद पिशवीत टाकायचे आणि स्वच्छ कपड्यात परतायचं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, आगीनंतर जागेवरच भांड्यांचा साबण, पाणी आणि ब्रशने पोशाख घासला तर त्यावरचे बहुचक्रीय हायड्रोकार्बन सुमारे ८५ टक्के कमी झाले. ओल्या पुसण्यांनी मान पुसली तर तिथले निम्म्याहून जास्त गेले. म्हणजे महागडं यंत्र सोडा, भांड्यांचा साबण!

बाबांना मी कागदावर लिहून दिलेली यादी इथे देते. कोणाच्या घरी, शेजारी जवान असेल तर त्यांनाही द्या.

१. कूलिंग करतानाही बी.ए. सेट लावा. सिलिंडर कमी असतील तर पाळीपाळीने आत जा. दाढी वाढली असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही.

२. चहा घेण्याआधी हात, तोंड आणि मान साबणाने धुवा.

३. पोशाख जागेवरच पाण्याने आणि साबणाने घासा, मग पिशवीत भरा. केबिनमध्ये नको.

४. स्टेशनवर पोचल्यावर तासाभरात आंघोळ करा.

५. डंगरी घरी आणू नका. आणावीच लागली तर वेगळी बादली, वेगळी धुणी.

६. बंब शेडमध्ये उगाच चालू ठेवू नका.

७. विडी-सिगारेट नको. मूत्राशयाच्या कर्करोगाचं सगळ्यांत मोठं कारण आजही धूम्रपानच आहे. धुरावर धूर नको.

८. लघवीत रक्त दिसलं, एकदाच आणि न दुखता जरी दिसलं, तरी लगेच डॉक्टरांकडे जा. आणि त्यांनी विचारलं नाही तरी सांगा: मी फायरमन आहे, इतकी वर्षं.

बाबांनी यादी वाचली आणि हसले. "चोवीस वर्षं झाली, आता काय उपयोग?" मी त्यांना चुका साठण्याचं गणित सांगितलं. हिशोब अजून बंद झालेला नाही, आज जेवढं कमी आत जाईल तेवढं कमी साठेल. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईने बाजारातून निळी बादली आणली आणि तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात 'बंब' लिहिलं. आजी खूश झाली.

आणखी एक गोष्ट आम्ही सुरू केली आहे. माझ्या जुन्या जर्नलची कोरी पानं फाडून मी एक वही शिवली. प्रत्येक कॉलनंतर बाबा त्यात चार गोष्टी लिहितात: तारीख, काय जळत होतं, किती तास, मास्क होता की नाही. त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून कधी ते सांगतात आणि मी लिहिते. मागच्या आठवड्यातली नोंद अशी आहे: 'फोमच्या गाद्यांचं गोदाम. पत्र्याचं छत. साडेपाच तास. मास्क सुरुवातीला. कूलिंगला दोन पाळ्यांत, मास्क लावून.'

काका आता बरे आहेत. दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी असते. परवा घरी आले होते, पोहे खाताना वही चाळत बसले. मग म्हणाले, "पोरी, माझीही लिही. आठवतं तेवढं सांगतो." एक तास ते सांगत होते आणि मी लिहीत होते. १९९० पासूनच्या आगी. किती लोकांना बाहेर काढलं ते त्यांना नेमकं आठवत होतं. काय जळत होतं, ते बऱ्याच वेळा आठवत नव्हतं.